मडमचा ब्रेक आणि दादांचा हुरडा

परवा नातीनं हुरडा आणला. मुक्ता जुळे सोलापुरात चौथ्या मजल्यावर राहते आणि तिच्या घरी सगळंच पिशवीतून येतं. हुरडाही तसाच आला होता. आतली हवा ओढून काढलेली पिशवी, आणि हिरवे दाणे एकमेकांना असे बिलगलेले, जसं काही त्यांना कुणीतरी रागावलंय. मी कात्रीनं कोपरा कापला. पिशवीनं ‘फुस्स’ करून श्वास घेतला आणि मी एकटीच हसत सुटले.

“काय झालं गं आज्जी?”

“काही नाही. आमची मडम अशीच फुसफुसायची.”

मुक्तानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या गोळ्यांच्या डबीकडं. आमच्या वयाच्या बायका कारण नसताना हसल्या की घरातली माणसं डबी बघतात. म्हणून तिला समोर बसवलं आणि सांगायला लागले. सांगता सांगता लक्षात आलं, इतक्या थंड्या आल्या-गेल्या, दर थंडीत हुरडा खाल्ला, पण तो एक हंगाम काही परत आला नव्हता. परवा आला. सत्तरच्या दशकातला, शेंगाचटणीचा आणि वंगणाचा वास एकत्र येणारा.

मडम म्हणजे माझ्या सासऱ्यांची विलायती गाडी. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. कुठल्याशा गिरणीच्या गोऱ्या साहेबानं देश सोडता सोडता ती विकली आणि अप्पांनी घेतली. लांब नाक, मुरलेल्या मिरचीसारखा हिरवा रंग, आत तांबड्या चामड्याच्या गाद्या, आणि चालण्यात असा डौल की रस्त्यातली म्हैससुद्धा दोन पावलं सरकून बघायची. आमचं तेलाचं दुकान. करडईचं तेल, शेंगतेल. वर्षभरात मडमलाही आमच्या घराचाच वास लागला. त्या साहेबाची बायको परत येऊन गाडीत बसली असती, तर तिला कढईत बसल्यासारखं वाटलं असतं.

या घरात तेल हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. कान दुखला, तेल. दार करकरलं, तेल. पोर रडलं, तेल. माणसांची निम्मी भांडणं वंगण कमी पडल्यामुळं होतात, असं अप्पांचं ठाम मत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझ्या हातून जे घडलं त्यात माझ्याइतकाच या घराण्याचाही वाटा आहे.

मी तेव्हा घरात नवी होते आणि मला गाडी चालवता येत होती. म्हणजे सरळ चालवता येत होती. यांनी मला शहराबाहेरच्या माळावर शिकवलं होतं, जिथं धडकायला काही नव्हतं. एवढ्या भांडवलावर ती बया माहेरी जाऊन सांगून आली, “दादा, येत्या हुरड्याला मी गाडी घेऊन येणार. स्वतः चालवत. आणि तुम्हाला शेजारी बसवून सगळं रान दाखवणार.” बया म्हणजे मीच. तिचा एक फोटो अजून आहे. डोळ्यांवर गॉगल, तोही सावलीत उभी असताना. एक हात बॉनेटवर असा टेकवलाय, जणू गाडी तिनंच मागावर विणून काढली. मान अशी वर की फोटोत नाकाची भोकंच आधी दिसतात. मुक्ता म्हणते, आज्जी, कसली भारी दिसत होतीस! मी म्हणते, भारी नव्हे गं, वजनदार. मेंदूत काही नसलं की मान उचलायला सोपी जाते.

दादा म्हणजे माझे वडील. जेऊर स्टेशनच्या पुढं, भीमेच्या काठाला आमचं गाव. आयुष्यभर बैलगाडी, रेल्वे आणि स्वतःचे पाय, यापलीकडं दादा कशात बसले नव्हते. माझी बढाई ऐकून ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. नुसतं म्हणाले, “ये. औंदाचाच हुरडा हाय त्या रानात.”

खरंच औंदाचाच होता. खाली उजनीला धरणाची भिंत उठत होती. पुढच्या पावसाळ्यात दादांच्या नदीकाठच्या काळ्या रानावर पाणी चढणार हे ठरून गेलं होतं. मोजणी झाली होती, खुणेचे दगड रोवले होते, वर माळाला बदली जमीनही दाखवून झाली होती. त्या रानात शेवटचा जोंधळा उभा होता. आणि हुरड्याचं असं असतं की तो थोडे दिवस असतो आणि मग नसतो. दाणा दुधात असताना गेलं तर हाताला चीक लागतो, उशिरा गेलं तर नुसता जोंधळा. तो काय, दुकानातही मिळतो. त्या मधल्या दिवसांत मला मडम घेऊन तिथं पोचायचं होतं. बाकी वर्षांसारखं ‘पुढच्या खेपेला’ म्हणायची सोय नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच मडम रुसली.

एका सकाळी अप्पा दुकानाला निघाले. मागच्या गादीवर माझ्या सासूबाई, अव्वा. त्यांना देवळात सोडायचं होतं. पेठेत वळल्यावर अप्पांनी ब्रेक दाबला. मडमच्या पोटातून नाग फुत्कारावा तसा आवाज आला, इंजिन आचके द्यायला लागलं, आणि अप्पांच्या पायाखाली ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. गाडी थांबली नाही. अगदी सावकाश, मानपान सांभाळत, ती समोरच्या अडत्याच्या शेंगांच्या पोत्यांपर्यंत गेली आणि त्यांवर गाल टेकून उभी राहिली. एक पोतं फुटलं. अर्ध्या पेठेनं खिसे भरून घेतले. अव्वा मागून शांतपणे म्हणाल्या, “शिवा, शिवा. देऊळ मागं राहिलं की हो.”

अप्पांनी घरी येऊन फर्मान काढलं: ब्रेक नीट झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

उस्तादांना बोलावलं. उस्तादांचं गॅरेज दुकानामागं होतं. गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याखाली उस्ताद. जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांना शंका कधी नसायची. चूक मात्र अधूनमधून असायची. त्यांनी बॉनेट उघडलं, एका बाजूला बसवलेल्या काळ्या गोल डब्यावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, “शेठ, बूस्टर गया.”

“म्हणजे काय?” मी विचारलं. फोटोतली मान वर करून.

“देखो भाभी, इंजन सांस खिंचता है ना, वो इस डब्बे की हवा खिंचता. अंदर रबर का पडदा है. इधर की हवा गयी की पडदा सरकता, और तुमारे पांव के जोर में अपना जोर मिलाता. तुम पावशेर लगाव, वो सेर करके आगे देता. अब पडदा फट्या. अब पूरा जोर तुमारा तुमकूच लगाना.”

अव्वा ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. “कळलं की,” त्या म्हणाल्या. “सून धड असली तर सासूचं काम हलकं. फाटकी निघाली तर सगळं आपणच ओढायचं.” आणि माझ्याकडं बघून शेंग फोडली.

“नवा डबा मिळेल ना?” अप्पांनी विचारलं.

“मिलेगा, शेठ. विलायत से आयेगा. तब तक ये जवारी कटेगी, उसकी रोटी होयेगी, हम खायेंगे, और दुसरी जवारी उगेगी.”

“मग रेल्वेनं जाऊ की,” आमचे हे म्हणाले. यांचा स्वभाव फार समजूतदार. त्या हंगामात हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी त्यांनी तोंड उघडलं तरी मला शिट्टी ऐकू यायची.

इथं मुक्तानंही तेच विचारलं. “खरंच की आज्जी, जेऊरला स्टेशन आहे. रेल्वेनं का नाही गेलीस?”

“अगं, रेल्वेचा हॉर्न मला कुणी वाजवू दिला असता का?”

उस्तादांनी डबा काढला, अंगणात आणून उघडला. आतला पडदा ताटाएवढा, मधोमध तडकलेला, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखा. ते म्हणाले, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून नवा कापतो. पण माप? जुना पडदा आकसून, वाकडा होऊन बसला होता. डब्याचं तोंड ओबडधोबड. कागद धरला तर दुमडायचा, सुतळी धरली तर सरकायची. तेवढ्यात अव्वांनी त्यांच्यासाठी आतून कडक भाकरी आणि चटणी पाठवली. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पातळ थापून, भाजून, वाळवून पार खडखडीत केलेली. महिनाभर वाकत नाही. उस्तादांनी भाकरी हातात घेतली, डब्याच्या तोंडावर धरली. तंतोतंत. भाकरी ट्यूबवर ठेवून त्यांनी खडूनं गोल ओढला, पडदा कापला, आणि मग माप चटणीला लावून खाऊन टाकलं.

“विलायतेला कळवा म्हणावं,” अव्वा म्हणाल्या, “गाडीचे डबे आमच्या भाकरीवरून करतात.” त्यानंतर कितीतरी दिवस त्या भाकरी थापताना मान तिरकी करून बघत असत.

पडदा कापून झाला. उस्ताद म्हणाले, थोडा वेळ हवेला राहू दे, जेवून येतो. आणि गेले. दुपारची वेळ. थंडीतलं ऊन, अंगणात कुणी नाही, ओट्यावर तो काळा गोल पडदा एकटाच पडलेला. आता हे पुढचं नीट ऐका. आमच्या माहेरी विहिरीवर मोट होती. चामड्याची मोठी मोट. दरवर्षी ती विहिरीवर चढायच्या आधी दादा तिला करडईचं तेल चोळायचे. तेल पाजलं नाही तर मोट तडकते, हे मी परकर नेसायच्या आधीपासून बघत आले होते. जुना पडदा कशानं गेला? तडकून. म्हणजे कशाची कमतरता होती? आणि मी कुणाच्या घरात उभी होते? तेलाच्या!

मी वाटीभर करडईचं तेल आणलं. पडदा मांडीवर घेतला. दोन्ही बाजूंनी असा चोळला की बाळंतिणीनं पहिलं पोर इतक्या मायेनं चोळलं नसेल. कडेकडेनं बोटं फिरवली, मधोमध तळहात फिरवला. मग स्वच्छ पुसून जागच्या जागी ठेवला, कारण कुणाला न सांगता उपकार करायची मला तेव्हा हौस होती. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिच्या हातातली वाटी काढून घेईन आणि तेच तेल तिच्या टाळूवर घालीन. थंड होईल जरा.

उस्ताद आले, त्यांनी पडदा बसवला. मडम सुरू केली. अप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी अशी जागच्या जागी थांबली की त्यांची टोपी पुढच्या काचेवर. सगळं घर खूष. मी तर मनातल्या मनात दुप्पट खूष. निम्मं श्रेय तेलाचं, म्हणजे माझं. दोन-चार दिवसांनी, हुरडा ऐन रंगात आला असेल तेव्हा, निघायचं ठरलं.

निघायच्या सकाळी अंगावर इरकल, डोळ्यांवर गॉगल. डिकीत धपाटी, दह्याचं गाडगं, खोबऱ्याची चटणी. मागं अव्वा, शेजारी हे. गिरणीचा भोंगा झाला तशी मी मडम फाटकातून बाहेर काढली आणि समोर दूधवाला सायकलवरून येताना दिसला म्हणून ब्रेक दाबला.

दगड. पुन्हा तोच दगड. पुन्हा तोच फुत्कार.

दूधवाला भला माणूस, त्यानं सायकल सोडून उडी मारली. मडमनं सायकलीला फक्त शिवलं, पण कॅन आडवा झाला आणि सगळं दूध आमच्या दारातल्या रांगोळीवरून वाहत गेलं. दूधवाला रस्त्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, “वैनी, न्हाय घ्यायचं दूध तर तोंडानं सांगायचं की!”

अप्पा फाटकात आले. त्यांनी रांगोळीकडं बघितलं, मडमकडं बघितलं आणि मला एकच शब्द म्हणाले, “उतर.”

“रेल्वेनं...” यांनी सुरू केलं. मी गॉगल काढून त्यांच्याकडं बघितलं.

त्याच दिवशी गावाकडचा एक माणूस दुकानावर निरोप घेऊन आला. धरणाच्या कचेरीत खेटे घालायला गावची माणसं तेव्हा सारखी सोलापुरात येत आणि जाताना दुकानावर टेकत. तो म्हणाला, “तुमच्या दादांनी सांगितलंय, दाना भरत आला. यायचं आसंल तर या. न्हायतर ऱ्हाऊ द्या. आमी काय पानी आडवून धरनार हाय व्हय?”

मी न्हाणीघरात जाऊन रडले. खोटं कशाला बोलू, निम्मं रडू दादांच्या रानासाठी होतं आणि निम्मं गॉगलसाठी.

उस्तादांनी डबा पुन्हा उघडला. आतून जे निघालं त्याला पडदा म्हणणं कठीण होतं. फुगलेला, लिबलिबीत, कडेला चुण्या पडलेला, जसा काही रात्रभर पाण्यात राहिलेला पापड. उस्तादांनी तो नाकाशी नेला. मग अप्पांकडं बघितलं, मग यांच्याकडं, मग अव्वांकडं. त्या घरात तेलाचा वास आला म्हणून कुणावर संशय घ्यायचा?

“किसने तेल लगाया?”

“मी!” मी पुढं होऊन म्हणाले. मला वाटलं शाबासकी आहे. “दोन्ही बाजूंनी लावलं. मोटेला लावतात तसं.”

उस्ताद लिंबाच्या फोडीसारखं तोंड करून म्हणाले, “भाभी, मोट चमडे की होती. ये रबर है. रबर तेल पीता और फुगता. तुमने तो इसकू मार डाल्या.”

“येन माडीदी गं, काय करून ठेवलंस हे?” अव्वा कपाळावर हात मारत म्हणाल्या. राग आला की त्या आधी कानडीत रागवायच्या, मग मला कळावं म्हणून तेच मराठीत सांगायच्या. त्यामुळं मला प्रत्येक बोलणं दोनदा बसायचं. मग त्या उस्तादांकडं वळल्या. “आणि तुम्ही तरी काय, रबर घेऊन बसलाय? ही पोरगी तेल लावल्याशिवाय राहायची नाही. आज नाही तर पुढच्या महिन्यात लावेल. त्यापेक्षा चामड्याचाच करा की पडदा. लाव म्हणावं मग तेल, काय लावायचं ते.”

उस्ताद मोठ्यानं हसले. “अम्मा, विलायती गाडी है, पखाल नहीं है!” हसता हसता ते थांबले. दाढी खाजवली. मग जरा हळू आवाजात म्हणाले की अगदी जुन्या लॉऱ्यांच्या डब्यात चामड्याचं पाहिल्यासारखं आठवतंय. आणखी जरा वेळानं ती कल्पना त्यांचीच झाली होती. संध्याकाळपर्यंत ते पेठेत सांगत फिरत होते की अम्मांना रबरच हवं होतं, पण मी ऐकलं नाही.

प्रश्न चामड्याचा. चपलेचं फार जाड पडायचं, आणि मऊ घेतलं तर टिकेल का माहीत नाही. उस्तादांची नजर मडमच्या तांबड्या गाद्यांवर गेली. मागच्या पाठीच्या मधोमध एक हातटेका होता, तो खाली ओढला की त्यामागं, कुणालाही न दिसणारा, चामड्याचा चांगला मोठा चौकोन होता.

“माझ्या गाडीचं कातडं सोलणार तुम्ही?” अप्पा ओरडले.

“शेठ, उसीका चमडा, उसीकू लगायेंगे. घर का माल घर में.”

व्यापाऱ्याला हे पटतं. अप्पांनी तोंड फिरवलं आणि हात हलवला.

माप खाऊन झालेलं होतं. पण अव्वांनी भाकरीच्या डब्यातून दुसरी भाकरी काढली आणि उस्तादांच्या हातात ठेवली. ती ठेवली डब्याच्या तोंडावर. पुन्हा तंतोतंत. त्या दिवशी अव्वांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो मी नंतर त्यांच्या पहिल्या नातवाच्या वेळीसुद्धा पाहिला नाही.

रबर तसंच बसतं, चामड्याला आकार द्यावा लागतो. म्हणून कापलेला गोल भिजवला, एका पालथ्या पातेल्यावर ताणला आणि सुतळीनं आवळून उन्हात ठेवला. पातेलं अव्वांचं. त्यांनी ते पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं नाही. पुढं वर्षानुवर्षं त्यात, कुंडीत लावावी तशी, तगर लावलेली होती. चामडं वाळलं, पातेल्याचा आकार घेऊन उठलं. मग उस्तादांनी मला हाक मारली, तांब्याभर करडईचं तेल मागवलं आणि म्हणाले, “अब लगाव, भाभी. जी भर के.”

मी लावलं. पण या खेपेला सगळं घर भोवती उभं राहून बघत होतं, आणि खरं सांगते, दर बोटाला मी उस्तादांच्या तोंडाकडं बघून घेत होते.

बूस्टर बसला. उस्तादांनी मला चाकामागं बसवलं. इंजिन बंद. “ब्रेक दाबो. और दाबो. अब पांव वैसाच रख्खो और चालू करो.” पेडल पायाखाली घट्ट होतं. मी किल्ली फिरवली. मडम घुरघुरली, आणि माझ्या पायाखालचं ते दगडासारखं पेडल आपण होऊन, अलगद, बोटभर खाली गेलं. जसं अवघडून बसलेलं कुणी श्वास सोडून मागं टेकावं. इतक्या वर्षांत खूप गोष्टी पायाखालून सरकल्या, पण इतकं गोड काही सरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. अप्पांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. दूधवाला लांबच्या लांब, पलीकडच्या गल्लीतून गेला.

चामड्याचा एक दोष होता, तो मोहोळच्या अलीकडं कळला. ब्रेक लागायचा झटक्यात. सुटायचा मात्र दमानं, एखाद्या पाहुण्यानं उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास निरोप घ्यावा तसा. मोडनिंबजवळ मेंढरांचा कळप आडवा आला. मी दाबला. मडम पहिल्या मेंढराच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली. मी विजयी मुद्रेनं यांच्याकडं बघितलं. कळप गेला, धूळ बसली, मडम हलेना. मेंढपाळानं काचेतून डोकावून विचारलं, “बाई, थांबलीसा झ्याक. आता जावा की! का हितंच ऱ्हायचंय?” अव्वा मागून दोन्ही पायांनी स्वतःचा वेगळा ब्रेक दाबत होत्या, आणि मेंढरं गेल्यावरही त्यांनी तो सोडला नव्हता. टेंभुर्णीला उसाच्या गाड्यांच्या रांगेत तर आम्ही प्रत्येक थांब्याला एकेक धपाटं संपवलं.

गावाच्या शिवेपासून मी हॉर्न धरला तो देवळापर्यंत सोडला नाही. कुणी आलं नाही. हुरड्याच्या दिवसांत गावात कोण असतं! सगळी माणसं रानात. एका कुत्र्यानं तेवढं उठून बघितलं आणि कूस बदलली. इरकल, गॉगल, विलायती गाडी, आणि प्रेक्षक एक कुत्रं. देवाचीसुद्धा विनोदबुद्धी अव्वांसारखीच असावी.

गाडीवाटेनं रानात आलो. दादा आगटीपाशी बसले होते. खड्ड्यात गोवऱ्यांचा इंगळ, त्यात खोचलेली कणसं, भाजल्या हिरव्या दाण्यांचा तो वास, बाजूला गूळ आणि चटणी. पण भोवतालचं रान मी बघितलं. पाती पिवळी पडायला लागली होती. कणीस हातात घेतलं, दाणा दाताखाली कट्ट वाजला.

“उशीर झाला, दादा,” मी म्हणाले. गॉगल कधी काढला आठवत नाही.

“ते न्हाय. ते पल्याडचं बघ,” दादा म्हणाले. नदीच्या अंगाला एक पट्टा अजून हिरवागार होता. “त्यो मागनं पेरला हुता. तुज्यासाटी. तू कवा सांगितल्या वक्ताला आलीयास?”

आम्ही खाल्लं. दादा गरम कणीस तळव्यात चोळत, फुंकर मारत आणि दाणे आधी अव्वांच्या हातावर ठेवत. अव्वांनी आयुष्यात एवढं मान हलवून काही खाल्लं नसेल. आज त्या जागेवर पाणी आहे. काठाला केळीच्या बागा आहेत, मोटारी रात्रंदिवस पाणी ओढतात, लोक होडीतून जाळी टाकतात, आणि मुक्ता म्हणते तिथं लांबचे पक्षी बघायला गाड्या भरून माणसं जातात. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. केळी गोड असतात. पण त्या हिरव्या पट्ट्याची चव मी कुठल्या तोंडानं सांगू?

मग मी उठले, पदर खोचला आणि मडमचं दार उघडून म्हणाले, “चला दादा. रान बघायचं.”

दादांनी फेटा सारखा केला. देवळात शिरताना काढाव्यात तशा वहाणा बाहेर काढून ठेवल्या आणि अनवाणी पुढच्या गादीवर बसले. हात गुडघ्यांवर. मी पहिल्या गियरमध्ये, चालीच्या वेगानं निघाले. डावीकडं जोंधळा, उजवीकडं नदी. दादांनी बाहेर बोट केलं.

“हितं तुज्या आज्यानं पयल्यांदा...” ते म्हणाले, आणि बांध मागं गेला. त्यांनी मान वळवली, तेवढ्यात विहीर आली. “ह्या हिरीचं पानी लागलं त्या दिशी तुजी आई...” विहीर गेली. “त्या बाभळीखाली तू...” बाभूळही गेली. मी आणखी हळू केली. मडम धापा टाकायला लागली, पण याहून हळू चालणं तिला येत नव्हतं. दादांची वाक्यं अर्ध्यावर तुटत होती आणि ते दर वेळी मान मागं वळवून बघत होते. मी मात्र समोर बघून ऐटीत चालवत होते. बघा, कशी नेते मी तुम्हाला!

“थांब,” दादा म्हणाले.

मी पाय ठेवला. मडम जागच्या जागी थांबली. समोर वळून आडवं आलेलं नदीचं पात्र दिसत होतं. रान संपायला आलं होतं.

“काय झालं? भ्यालात?”

“न्हाय गं.” ते काचेतून समोर बघत होते. “गाडी झ्याक हाय. पन गाडीतनं रान लई लवकर संपतंय.” मग त्यांनी दाराची कडी चाचपली. “उतर. चालत जाऊ.”

मडम तिथंच सोडून आम्ही उलटे फिरलो. इरकल काळ्या मातीत लोळत होती आणि माझी नवी चप्पल दर पावलाला ढेकळात रुतत होती. दादा अनवाणी, झपाझपा. पहिल्या बांधापाशी येऊन ते थांबले, दोन्ही हात पाठीमागं बांधले, घसा साफ केला आणि आज्यापासून सांगायला लागले. दिवस नदीपलीकडं बुडाला तेव्हा आम्ही अजून विहिरीपर्यंतही पोचलो नव्हतो.